पॉलिहाऊस टोमॅटो : सेंद्रिय खतं आणि फवारण्यांवर उत्पादन कसं वाढवायचं?

गादीवाफा
नमस्कार मंडळी. १० गुंठ्यांचं साधं पॉलिहाऊस, पंखा-पॅड (आतली हवा थंड करायची सोय) नाही. इनडिटरमिनेट (सतत वाढत जाणारा) टोमॅटो, एका खोडावर सुतळीने चढवलेला, साधारण २,५०० झाडं. पूर्ण सेंद्रिय. बेसलला (लागवडीआधी मातीत) शेणखत ३ टन आणि निंबोळी पेंड ५० किलो. दर पंधरवड्याला जीवामृत ठिबकमधून. फवारणी दर चौथ्या दिवशी, आलटून पालटून : फिश अमिनो, समुद्री शेवाळ अर्क, पंचगव्य. माती परीक्षण : सामू (पीएच) ८.१, ईसी (क्षारांचं माप) ०.६, सेंद्रिय कर्ब ०.७ टक्के, चुनखडी ९ टक्के.

झाड गर्द हिरवं, पण चौथ्या घडापासून फळ लहान पडतंय. मधल्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. काही फळांचं बूड काळं. अजून कुठली फवारणी वाढवावी?

पान_देठ
दादा, फवारणी वाढवू नका. आधी वही-पेन घेऊन बसा.

१० गुंठ्यांतून १२ टन माल म्हणजे झाडामागे पावणेपाच किलोच्या आसपास. सेंद्रिय आणि मातीतल्या पिकाला हे लक्ष्य रास्त आहे. एक टन फळामागे टोमॅटो ढोबळमानाने अडीच किलो नत्र (नायट्रोजन) आणि चार किलो पालाश (पोटॅश) उचलतो. म्हणजे १२ टनांना ३० किलो नत्र, ४८ किलो पालाश. स्फुरद (फॉस्फरस) १० किलोच्या आसपास.

आता फवारणीतून काय जातं ते बघा. १० गुंठ्यांना ६० लिटर पाणी. फिश अमिनो ३ मिली प्रति लिटर, म्हणजे १८० मिली. त्यात अगदी ५ टक्के नत्र धरलं तरी एका फवारणीत ९ ग्रॅम. हंगामात वीस फवारण्या घेतल्या तर १८० ग्रॅम. गरज ३० किलोची!

जीवामृताचंही तेच. २०० लिटरच्या टाकीत १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो बेसन, २ किलो गूळ. सगळं मिळून नत्र पाव किलोच्या आत. एकराला २०० लिटर या मापाने तुमच्या १० गुंठ्यांना ५० लिटर येतं, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम नत्र. जीवामृत हे विरजण आहे, जेवण नाही. मातीत शेणखत, पेंड असं काही खायला असेल तर जिवाणू ते फोडून देतील. मातीच रिकामी असेल तर ते तरी काय फोडणार?

काळी_माती
पटलं नाही. फिश अमिनो मारल्यावर तिसऱ्या दिवशी पानाला काळोखी येते, हे डोळ्यांना दिसतं. मग ते खोटं कसं?

पान_देठ
खोटं नाही. पानावर पडलेलं थोडंसं नत्र लगेच हिरव्या रंगात दिसतं, आणि शेवाळ अर्कातल्या संजीवकांनी पान ताजंतवानं राहतं. उन्हाचा किंवा लागवडीचा ताण असेल तेव्हा याचा उपयोगही होतो. पण पानाची काळोखी म्हणजे फळाचं वजन नव्हे. फळाच्या वजनाला पालाश, पाणी आणि पानांनी केलेली साखर लागते. पालाश किलोंनी लागतो आणि तो मुळातूनच जातो.

फवारणीचं गणित बसतं ते सूक्ष्म अन्नद्रव्यांना. बोरॉन बघा. २० टक्के बोरॉनचं विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, ६० लिटर पाण्यात १२ ग्रॅम बोरॉन. पिकाची सगळ्या हंगामाची गरजच शंभर ग्रॅमच्या आत. तिथे दोन फवारण्यांनी खरोखर फरक पडतो. जस्त, लोह यांचंही तसंच. मॅग्नेशियम मधल्या पट्ट्यात येतं : फवारणीने पान सावरतं, पण भूक भागत नाही.

शेडनेट_कट्टा
मग बेसल किती हवा ते लिहा ना सर. "शेणखत भरपूर घाला" एवढंच सगळे सांगतात.

पान_देठ
लिहितो. हे १० गुंठ्यांचं, १२ टन मालासाठीचं.

कुजलेलं शेणखत ५ टन. त्यात एकूण नत्र २५ किलो, पण पहिल्या हंगामात जेमतेम पाव भाग हाती लागतो : ६ किलो. पालाश मात्र बहुतेक सगळा लागू होतो, २० किलो धरा. गांडूळखत १ टन : नत्र १५ किलोपैकी ६ किलो, पालाश ६. निंबोळी पेंड २०० किलो : ५ टक्क्यांनी १० किलो नत्र, त्यातलं साडेसहा लागू होतं, पालाश ३. इथवर नत्र साडेअठरा, पालाश २९.

नत्राची पुढची भर भुईमूग पेंडीने. तिच्यात ७ टक्के नत्र असतं आणि ती लवकर फुटते. १०० किलो पेंड तीन हप्त्यांत दिली की ५ किलो मिळतं. उरलेलं मातीतला कर्ब देतो. ०.७ वर तेवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

पालाशाची तूट १९ किलो. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून येणारा मळीपासूनचा पालाश मिळतो, त्यात १४.५ टक्के पालाश असतो. १३० किलोत तूट भरते. एकदम टाकू नका, खारट असतो. पाच हप्ते करा, झाडामागे दर वेळी साधारण १० ग्रॅम, खोडापासून वीतभर लांब, मातीत मिसळून. पहिला हप्ता पहिल्या घडातली फळं सुपारीएवढी झाल्यावर. माती परीक्षणात पालाश भरपूर आला असेल, आणि आपल्या काळ्या जमिनीत तो बहुधा येतोच, तर हप्ते निम्म्यावर आणा.

गादीवाफाभाऊ, तुमचा आत्ताचा बेसल या हिशेबात नत्राला साडेपाच किलोच्या आसपास भरतो. चौथ्या घडाला झाड थकलं यात नवल ते काय!

काळी_माती
हाडांचा चुरा राहिला. स्फुरदासाठी आम्ही हमखास टाकतो.

पान_देठ
सामू ८.१ ला हाडांचा चुरा टाकणं म्हणजे पैसे मातीत पुरणं. तो विरघळायला आम्लता लागते. कोकणातल्या जांभ्या मातीत चालेल, इथे वर्षानुवर्षं तसाच पडून राहील. ५ टन शेणखतात १० किलो स्फुरद येतोच, सोबत स्फुरद विरघळवणारे जिवाणू शेणखतात मुरवून द्या. शिवाय पॉलिहाऊसमध्ये स्फुरद साचत जातो आणि मग जस्त, लोह अडकतं.

ठिबक_फिटर
खताबद्दल सर बोलले, मी पाण्याबद्दल बोलतो, कारण ते काळं बूड माझ्या खात्यातलं आहे.

मातीत चुनखडी ९ टक्के, म्हणजे कॅल्शियम ढीगभर. तरी फळाच्या बुडाला कॅल्शियम पोचत नाही. कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर चढतं आणि ओढ असते पानांची. फळातून बाष्पीभवन फारसं होत नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. दोन दिवस माती सुकली आणि तिसऱ्या दिवशी धो-धो पाणी सोडलं, की त्या काळात वाढणारी फळं बुडाला काळी पडणारच. डाग दिसतो सुपारी-लिंबाएवढ्या फळावर, पण गडबड त्याच्या दोन आठवडे आधीची असते.

तुमचे वाफे वाट धरून दीड मीटरवर असतील, तर १० गुंठ्यांत साडेसहाशे मीटरच्या वर वाफा होतो. वाफ्याला दोन लॅटरल (ठिबकच्या नळ्या), ३० सेंमीवर २ लिटरचे ड्रीपर : तासाला जवळपास ८,८०० लिटर पाणी पडतं. भर पिकाला झाडामागे दीड लिटर धरलं तर दिवसाला ३,७५० लिटर, म्हणजे फक्त २५ मिनिटं. बरेच जण ही २५ मिनिटं सकाळी एकदाच देतात. तीन पाळ्या करा : आठला १०, अकराला १०, दोनला ५ मिनिटं. ढगाळ दिवशी दुपारची पाळी सोडा. वाफ्यात बोटभर खाली मूठभर माती दाबून बघा. गोळा व्हायला हवा, पण हाताला चिखल लागता कामा नये. वाफसा कायम राहिला की निम्मी काळी बुडं तिथेच थांबतात.

गादीवाफा
जीवामृतामुळे ड्रीपर बंद पडतात, म्हणून मध्येच लॅटरल बंद ठेवाव्या लागतात. पाणी कमी-जास्त होण्याचं तेच कारण असावं.

ठिबक_फिटर
मग मूळ तिथेच आहे. जीवामृत ढवळल्या-ढवळल्या कधीच सोडू नये. आदल्या रात्री ढवळणं थांबवा, गाळ खाली बसू द्या. नळ टाकीच्या तळाला नको, वीतभर वर हवा. आधी गोणपाटातून, मग दुहेरी सुती कापडातून गाळा. फिल्टर १२० मेशचा डिस्क, जाळीचा नको, कारण चिकट गाळ जाळीवर थापला जातो. आधी १० मिनिटं साधं पाणी, मग जीवामृत, मग पुन्हा किमान १५ मिनिटं साधं पाणी. जीवामृत पाइपात मुक्कामाला राहिलं की आतून बुळबुळीत थर धरतो, आणि ड्रीपर त्याने बंद पडतात. कण त्यामानाने कमी अडकतात. पंधरवड्यातून एकदा लॅटरलची शेवटची टोपणं काढून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या.

एवढं जमत नसेल तर सरळ डब्याने आळवणी करा, झाडामागे १०० मिली. ५० लिटर जीवामृत २०० लिटर पाण्यात मिसळलं की २,५०० झाडांना बरोबर पुरतं.

शेडनेट_कट्टा
कॅल्शियमची फवारणी अजिबातच नको का मग? दुकानदार तर बुडावर तीच देतो.

पान_देठ
पानावर मारलेलं कॅल्शियम पानातच राहतं. ते पानातून फळात उतरत नाही. फवारायचंच असेल तर नोझल कोवळ्या फळांच्या घडावर धरायचं, फळ वाटाण्यापासून सुपारीएवढं होईपर्यंत. कॅल्शियम क्लोराइड लिटरला ३ ग्रॅम, आठवड्याने एकदा, दोन-तीनदा. ५ ग्रॅमच्या वर गेलात किंवा ३० अंशांच्या वर तापमान असताना मारलंत तर पानांच्या कडा करपतात. प्रमाणपत्र असेल तर आधी प्रमाणीकरण संस्थेला विचारा. सूक्ष्म अन्नद्रव्यांचंही तसंच : कमतरतेचा माती किंवा पान-देठ अहवाल फाइलला लावून मगच परवानगी मिळते.

एक गोष्ट राहिली. पेंडीचं भिजवण (पेंड पाण्यात भिजवून गाळलेलं द्रावण) जास्त दिलं की अमोनिया वाढतो, आणि मळीचा पालाश एकदम दिला तरी पालाश वाढतो. दोन्ही कॅल्शियमला आत येऊ देत नाहीत. काळं बूड दिसलं की आधी त्या आठवड्याचं खत थांबवा.

राहुरीकडची
मधल्या पानांतला पिवळेपणा मॅग्नेशियमचा. खालच्या-मधल्या पानांपासून सुरू झाला तर मॅग्नेशियम, शेंड्याच्या कोवळ्या पानांपासून सुरू झाला तर लोह. चुनखडीच्या जमिनीत दोन्ही एकाच झाडावरही दिसतात, तेव्हा पान नीट बघूनच औषध काढा. मॅग्नेशियम सल्फेट (एप्सम) लिटरला ८ ते १० ग्रॅम, आठ-दहा दिवसांनी तीन वेळा, मधल्या पानांच्या खालच्या बाजूने. ६० लिटरला ६०० ग्रॅम म्हणजे जेमतेम ५८ ग्रॅम मॅग्नेशियम, पिकाची गरज पाच-सहा किलोची. म्हणून सोबत १० किलो एप्सम ठिबकमधून दोन हप्त्यांत द्या. पालाश वाढला की मॅग्नेशियम मागे पडतं, हेही धरून चला.

बोरॉन लिटरला १ ग्रॅम, एकदा दुसऱ्या घडाला फुलं लागताना आणि एकदा पाचव्याला. तिसऱ्यांदा नको. कमतरता आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं असतं. जुन्या पानांच्या कडा तांबूस होऊन वाळल्या की जास्त झालं समजा.

काळी_माती
फवारणी संध्याकाळी का सकाळी? सगळे संध्याकाळच सांगतात.

राहुरीकडची
उघड्या शेतात संध्याकाळ ठीक. पॉलिहाऊसमध्ये संध्याकाळी पडदे खाली आले की आतली हवा दमट होते, पानावरचं पाणी रात्रभर सुकत नाही, आणि उशिराच्या करप्याला आयतं आमंत्रण मिळतं. त्यावर पंचगव्यासारखं गूळ-तुपाचं काही मारलं असेल तर पानांवर काळी बुरशीही धरते. म्हणून सकाळी, उजाडल्यापासून आठच्या आत. लगेच पडदे उघडा, दहापर्यंत झाड कोरडं झालं पाहिजे.

दहाला परागीभवन करायचं असतं, हेही कारण आहे. टोमॅटोचं फूल आपलं आपणच फळतं, पण परागकण झडायला हादरा लागतो. बाहेर तो वारा देतो, आत कोण देणार? मधमाश्यांच्या पेट्या ठेवून फार उपयोग नाही, त्या फूल थरथरवत नाहीत. दहा ते बारा या वेळात वरच्या तारेला काठीने हलके ठोके द्या किंवा रिकामा ब्लोअर घडांवरून फिरवा, एक दिवसाआड. तापमान ३५ च्या वर गेलं की पराग निकामी होतो. फार दमट असेल तर तो चिकटून बसतो, झडतच नाही. सेटिंग (फळधारणा) कमी म्हणून शेवाळ अर्क वाढवणाऱ्यांनी आधी ही काठी फिरवून बघावी!

नागअळी
दर चौथ्या दिवशी ओलं केलेलं झाड रोगाला बळी पडतंच, खताची फवारणी असो वा औषधाची. दहा-बारा दिवसांनी एक पुरे.

मिसळण्याबद्दल : ह्युमिक आम्ल आणि कॅल्शियम एकत्र केलं की दह्यासारखं फाटतं. एप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड घट्ट द्रावणात मिसळलं की जिप्समचा साका खाली बसतो आणि नोझल चोंदतं. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुना) काहीच मिसळायचं नाही. ट्रायकोडर्मा, स्यूडोमोनास (उपयुक्त बुरशी आणि जिवाणू) दिलं असेल तर तांब्याच्या फवारणीत आठ-दहा दिवसांचं अंतर हवं. निंबोळी तेल आणि गंधक दोन आठवड्यांच्या आत मागे-पुढे नको, पान जळतं. शंका असेल तर काचेच्या बरणीत पंपातल्याच प्रमाणात घालून अर्धा तास ठेवा. साका, फेस किंवा गुठळी दिसली तर पंपात नको.

बोअरचं पाणी जड असतं. लिंबूसत्त्वाने सामू ६ च्या आसपास आणा. एक लिटरमध्ये चिमटीने घालून सामूपट्टीवर बघा, मग टाकीला त्या हिशेबाने. बोर्डोला हे लागू नाही.

गादीवाफा
समजलं. बेसल तर आता मागे जाऊन टाकता येणार नाही. उभ्या पिकात काय करू? पाचवा घड फुलावर आहे.

पान_देठ
निंबोळी पेंड आता उपयोगाची नाही, ती फुटायला महिना-दीड महिना घेते. भुईमूग पेंड घ्या. ५ किलो पेंड ५० लिटर पाण्यात झाकून पाच-सहा दिवस, रोज दोनदा ढवळा. गाळून पाचपट पाण्यात, झाडामागे १०० मिली, आठवड्यातून एकदा. ड्रममधून अमोनियाचा भपका नाकात जात असेल तर पाणी दुप्पट करा. सुकी पेंड खोडाशी टाकू नका, मुळं भाजतात. टाकायचीच तर झाडामागे १५ ग्रॅम, वीतभर लांब, मातीआड करून.

मळीचा पालाश लगेच सुरू करा, दहा-बारा दिवसांनी एक हप्ता. गांडूळखत ५०० किलो वाफ्यावर पसरून वर उसाचं पाचट अंथरा, वाफसा टिकेल.

नत्र किती द्यायचं ते झाडालाच विचारा. शेंड्यापासून वीतभर खाली खोडाची जाडी मोजा. १०-१२ मिलिमीटर, म्हणजे करंगळीएवढी, हवी. त्याहून जाड, पानं आत वळलेली, फूल शेंड्यापासून फार खाली राहिलेलं, तर नत्र जास्त : भिजवण एक हप्ता सोडा. पेन्सिलपेक्षा बारीक आणि फूल शेंड्यालाच चिकटलेलं, तर झाड उपाशी : एखाद्या घडातली टोकाची दोन फळं खुडा आणि भिजवण चालू ठेवा. मोजायला दर वाफ्यातली तीच तीच पाच झाडं रंगीत सुतळी बांधून ठरवून ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी डोळ्यांत भरणारं झाडच मोजलं जातं.

शेडनेट_कट्टा
पुढच्या लागवडीआधी ईसी बघायचा का? ०.६ तर चांगला आहे ना?

ठिबक_फिटर
आज चांगला आहे. पण आत पाऊस पडत नाही, त्यामुळे क्षार खाली धुपत नाहीत. शेणखत, मळीचा पालाश, बोअरचं पाणी, सगळ्यांतून मीठ येतंच, आणि कोंबडीखत घालत असाल तर फारच. दोन लागवडींत एकदा १:२.५ (एक भाग माती, अडीच भाग पाणी) चाचणीत बघा. १ च्या वर गेला तर मोकळ्या वाफ्यांवर ठिबकने तीन-चार दिवस भरपूर पाणी सोडून धुवा. निचरा असेल तरच. नाहीतर क्षार वर येऊन वाफ्याच्या कडेला पांढरी रेघ धरतात.

नागअळी
आणि पीक काढल्यावर मुळं उपटून बघायला विसरू नका. गाठी दिसल्या तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी). मग कितीही खत घाला, झाड दुपारी मान टाकणारच. एप्रिल-मे मध्ये वाफे ओले करून २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद सहा आठवडे, कडा मातीत दाबून. काळा कागद नको, माती तेवढी तापत नाही. नंतर चौरस मीटरला २०० ग्रॅम निंबोळी पेंड. ट्रायकोडर्मा १ किलो १०० किलो शेणखतात सावलीत पंधरा दिवस मुरवून कागद काढल्यावरच द्यायचा, आधी दिला तर उन्हात तोही मरतो.

झाड हिरवंच असताना एकाएकी कोमेजलं आणि मुळांना गाठी नाहीत, तर खोडाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात पाण्यात लटकवा. दोन-तीन मिनिटांत दुधाळ धागा खाली उतरला तर जिवाणूजन्य मर. ते झाड मातीसकट पिशवीत भरून बाहेर न्या आणि त्या वाफ्याची लॅटरल तेवढ्यापुरती बंद करा.

गादीवाफा
खालची पानं किती काढू? सध्या दुसऱ्या घडाची तोडणी चालू आहे.

राहुरीकडची
तोडणी चालू असलेल्या घडाच्या खालची सगळी, त्याच्या वरचं एकही नाही. आठवड्याला झाडामागे दोन-तीनच, कोरड्या सकाळी, देठ खोडाशी बोटाने बाजूला मोडून. कात्रीने खुंट ठेवला की तिथून बुरशी शिरते. काढलेली पानं वाटेत टाकू नका. पानं पोखरणारी नागअळी असेल तर तिच्या अळ्या त्यातच असतात, बाहेर नेऊन प्लास्टिकच्या कागदाखाली उन्हात तापवा आणि मग कंपोस्टला घाला.